विजेवरची कडबा कुट्टी: घरी बसवताना आणि चालवताना घ्यायची काळजी

कडबा किंवा हिरवी मका अख्खी टाकली, तर जनावर पाने ओरबाडून खाते आणि जाड धाटे पायाखाली तुडवते. तीच वैरण कुट्टी करून दिली, तर धाटेही खाल्ली जातात आणि वाया जाणारा चारा वाचतो. त्यामुळे चार-पाच जनावरे असलेल्या घरीही आता २ किंवा ३ एचपी मोटारीची कुट्टी दिसू लागली आहे. काम झटपट होते म्हणून ते बहुतेक वेळा घरातल्या बाईकडे, म्हाताऱ्या माणसाकडे किंवा शाळेतून आलेल्या मुलाकडे जाते.

याच यंत्रात बोटे किंवा पंजा गमावलेली माणसे तुमच्याही पाहण्यात असतील. अपघात झाला की 'लक्ष नव्हते' असे आपण म्हणतो. पण यंत्र नीट पाहिले तर चूक बरेचदा बसवतानाच झालेली असते. चारा सरकवण्याचा ट्रे आखूड असतो, स्विच हाताच्या अंतरावर नसतो, पट्ट्यावर झाकण नसते, वीज गेली आणि आली की मोटार आपोआप सुरू होते. माणसाचे लक्ष कधी ना कधी विचलित होणारच. तेव्हाही हात पात्यापर्यंत पोहोचू नये, अशी मांडणी पहिल्या दिवशीच करायची असते. ती कशी करावी, ते पुढे दिले आहे.

हात आत कसा ओढला जातो?

ट्रेमधून सरकवलेला चारा आधी दात असलेल्या दोन रोलरमध्ये जातो. रोलर तो घट्ट धरून आत ओढतात आणि मोठ्या चाकावरची पाती त्याचे तुकडे करतात. बोटे बहुतेक वेळा थेट पात्याला लागत नाहीत. आधी रोलर धरतात, आणि मग हात सोडवायला वेळ मिळत नाही.

हा वेळ किती कमी असतो, याचा हिशेब करून पाहा. चाकावर २ पाती आहेत, चाक मिनिटाला ३०० फेरे घेते आणि तुकडा २.५ सेंमीचा पडतो असे धरू. मिनिटाला ६०० तुकडे पडले, म्हणजे रोलर मिनिटाला १५ मीटर, सेकंदाला २५ सेंमी चारा ओढतात. तुमची मूठ रोलरपासून एक वीत अंतरावर असेल आणि चाऱ्यात बांगडी किंवा बाही अडकली, तर एका सेकंदात हात रोलरमध्ये असतो. एवढ्या वेळात काय झाले हे कळून स्विचपर्यंत हात जात नाही.

शेवटची उरलेली मूठ आत ढकलताना आणि अडकलेला चारा मोकळा करताना धोका सर्वांत जास्त असतो. कारण तेव्हाच हात रोलरच्या जवळ जातो.

यंत्र घेताना काय पाहावे?

अनुदानावर घ्या किंवा रोखीने, दुकानात किंमत आणि मोटारीची एचपी विचारण्याआधी पुढील गोष्टी पाहा.

- ट्रेची लांबी: मळणी यंत्रासाठीच्या सुरक्षा मानकात चारा सरकवण्याची पन्हळ किमान ९० सेंमी लांब आणि तिचा आतल्या बाजूचा ४५ सेंमी भाग वरून झाकलेला असावा, असे सांगितले आहे. कुट्टीसाठीही हेच माप डोळ्यासमोर ठेवा. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतची लांबी साधारण ४५ सेंमी असते. त्यामुळे झाकणाच्या तोंडाशी हात थांबला, की बोटे रोलरपासून दूर राहतात.
- चेतावणी रोलर: कुट्टीच्या अपघातांवर दिल्लीच्या आयआयटीत झालेल्या कामातून तीन साधे उपाय पुढे आले. ट्रेवर आडवा बसवलेला गुळगुळीत रोलर, पात्यावरचे रक्षक आणि काम नसताना चाक अडकवून ठेवणारी खीळ. हात चाऱ्याबरोबर पुढे जाऊ लागला, की आधी हा गुळगुळीत रोलर हाताला लागतो आणि माणूस सावध होतो.
- उलटा गिअर: पुढे, मध्ये आणि मागे असा दांडा असलेले यंत्र घ्या. अडकलेला चारा हात न घालता मागे काढता येतो. दांडा चारा घालणाऱ्याच्या हाताशी असावा.
- झाकणे: मोठे चाक, पुली आणि पट्टा पूर्ण झाकलेले असावेत. झाकण नट-बोल्टने पक्के बसवलेले असावे. नुसते अडकवलेले झाकण पंधरा दिवसांत कोपऱ्यात जाऊन पडते.

यंत्र आधीच घरी असेल आणि ट्रे आखूड असेल, तर नवे यंत्र घेण्याची गरज नाही. गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून जाड पत्र्याचा ट्रे वाढवून त्यावर झाकण बसवून घेता येते. पत्र्याच्या कडा दुमडून घ्या, नाहीतर त्याच हाताला लागतात.

जागा कशी निवडावी?

- यंत्र छपराखाली, कोरड्या आणि आजूबाजूपेक्षा उंच जागी ठेवा. गोठा धुतल्याचे पाणी आणि गोमूत्र तिकडे वाहून येता कामा नये.
- पाय सिमेंटच्या ओट्यावर फाउंडेशन बोल्टने आवळा. विटांवर ठेवलेले यंत्र थरथरत सरकते, पट्टा सुटतो आणि माणूस एका हाताने यंत्र धरून दुसऱ्या हाताने चारा घालू लागतो.
- चारा घालणाऱ्याच्या पायाखाली खडबडीत, सपाट जमीन असावी. हिरव्या चाऱ्याचा रस सांडला की गुळगुळीत फरशीवर पाय घसरतो आणि माणूस तोल सावरायला पुढे हात टाकतो.
- पेंढ्या ठेवायची जागा चारा घालणाऱ्याच्या बाजूला, कंबरेच्या उंचीवर करा. दरवेळी वाकून वळावे लागले, की नजर ट्रेवरून हटते.
- दिवा वर आणि पाठीमागून थोडा बाजूला लावा, म्हणजे ट्रेवर स्वतःची सावली पडत नाही. कुट्टी बहुतेक पहाटे किंवा दिवेलागणीला होते, हे लक्षात ठेवा.
- जनावर यंत्राच्या पायाला कधीही बांधू नका. लोखंडी सांगाड्यात वीज उतरली, तर साखळीतून ती थेट जनावराला बसते. ओल्या जमिनीत वीज उतरली, तरी पुढच्या आणि मागच्या पायांतल्या जास्त अंतरामुळे जनावराला माणसापेक्षा मोठा धक्का बसतो.

वीजजोडणी

हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. मात्र तो काय करतो आहे हे तुम्हाला कळायला हवे, म्हणून पुढील बाबी दिल्या आहेत.

*वायर आणि प्लग.* २ एचपीची सिंगल फेज मोटार साधारण १० ते १२ अँपिअर करंट घेते. सुरू होताना क्षणभर त्याच्या कित्येक पट घेते. टीव्ही किंवा पंख्याचा ६ अँपिअरचा पॉइंट आणि बारीक वायरचा बोर्ड यासाठी चालत नाही. २ एचपीसाठी किमान २.५ चौ. मिमी आणि ३ एचपीसाठी ४ चौ. मिमी तांब्याची तीन तारांची केबल घ्या. अंतर जास्त असेल तर वायरमनच्या सल्ल्याने याहून जाड घ्या. केबल जमिनीवर पसरू नका. जनावराच्या खुराखाली किंवा बैलगाडीच्या चाकाखाली तिचे आवरण फाटते. ती भिंतीवरून पाइपमधून न्या. मध्ये चिकटपट्टीचे जोड नकोत, आणि आकडा टाकून तर कधीच चालवू नका.

*एमसीबी आणि आरसीसीबी.* एमसीबी जास्त करंट किंवा शॉर्टसर्किट झाल्यावर वीज तोडते. माणसाला शॉक बसत असताना ती पडेलच असे नाही, कारण शॉकसाठी लागणारा करंट फारच कमी असतो. त्यासाठी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी लागते. वीज अंगातून किंवा सांगाड्यातून जमिनीत जाऊ लागली, की ती क्षणात पुरवठा तोडते. महिन्यातून एकदा तिच्यावरचे टेस्ट बटण दाबा. ती पडली नाही, तर बदलून घ्या.

*अर्थिंग.* मोटारीची बॉडी आणि यंत्राचा सांगाडा, दोन्ही अर्थिंगला जोडा. त्यासाठी स्वतंत्र खड्डा घेऊन पाइप किंवा प्लेट बसवा. छपराचा खांब किंवा पाण्याची पाइपलाइन म्हणजे अर्थिंग नव्हे. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडते, तेव्हा खड्ड्यात अधूनमधून पाणी ओता. सांगाड्याला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखे वाटले, तर काम लगेच थांबवा. 'थोडा करंट येतोच' असे म्हणून चालवत राहू नका.

*स्टार्टर.* सर्वांत जास्त दुर्लक्ष इथे होते. कुट्टीत चारा अडकला आहे आणि त्याच वेळी वीज गेली, असे समजा. यंत्र थांबले म्हणून तुम्ही हाताने चारा ओढायला जाता आणि वीज येते. साधा स्विच चालूच राहिलेला असतो, त्यामुळे मोटार लगेच फिरते. यासाठी हिरवे आणि लाल बटण असलेला, नो-व्होल्ट कॉइलचा स्टार्टर लावा. वीज गेली की तो सुटतो आणि कोणी हिरवे बटण दाबल्याशिवाय मोटार सुरू होत नाही.

विहिरीवरच्या पंपाला आपण ऑटो स्विच लावतो, कारण रात्री वीज आली की पंप आपोआप सुरू व्हावा असे वाटते. तोच जुना स्टार्टर ऑटोसकट कुट्टीला जोडलेला अनेक ठिकाणी दिसतो. कुट्टीला ऑटो कधीही नको. असेल तर आजच काढून टाका.

*स्विचची जागा.* लाल बटण चारा घालणाऱ्याच्या डाव्या किंवा उजव्या हाताला, एक पाऊलही न हलता लागेल असे असावे. तो एकच हात मोकळा असेल, तरी कोपराने किंवा मांडीने दाबता येईल असे मोठे बटण मिळते. ते बसवून घ्या. मुख्य स्विच मात्र लहान मुलांच्या हाताला लागणार नाही इतका उंच ठेवा.

पहिली चाचणी

चारा न घालता यंत्र दोन मिनिटे चालवून पाहा. चाकावर किंवा झाकणावर दाखवलेल्या बाणाच्या दिशेने चाक फिरते का, ते तपासा. थ्री फेज मोटार असेल तर रोहित्राची किंवा लाइनची दुरुस्ती झाल्यावर फेज बदलून चाक उलटे फिरू शकते. म्हणून अशा दुरुस्तीनंतर दिशा पुन्हा तपासा. खडखड, पात्याचा घासल्याचा आवाज किंवा जोराची थरथर असेल, तर यंत्र बंद करून कारण शोधा.

संध्याकाळी व्होल्टेज पडल्यावर मोटार नुसती गुणगुणते आणि फिरत नाही. अशा वेळी हाताने चाक फिरवून तिला 'सुरू करून देणे' हा अत्यंत धोक्याचा प्रकार आहे. शिवाय मोटारही जळते. व्होल्टेज येईपर्यंत थांबा.

रोजचे काम

सुरू करण्यापूर्वी:

- साडीचा पदर कमरेला घट्ट खोचा. ओढणी, उपरणे, मफलर काढून ठेवा. लांब केस बांधून घ्या. बाह्या कोपराच्या वर दुमडा. बांगड्या, कडे, घड्याळ काढा. सैल हातमोजे घालू नका, कारण रोलर आधी ते पकडतात.
- पेंढ्यांचे बंद सोडून बाजूला टाका. चाऱ्यात तार, खिळा, दगड नाही ना, ते पाहा. तारेने पाते मोडते आणि तुकडा उडतो. शिवाय तारेचे कापलेले तुकडे जनावराच्या पोटात जाऊन पुढे हृदयापर्यंत घुसतात. म्हणून पेंढी बांधायला तार वापरूच नका.
- पात्याचे बोल्ट पाहा, झाकणे पाहा, मुले आणि कोंबड्या लांब आहेत ना, ते पाहा.

चालू असताना:

- चाकाने पूर्ण वेग घेतल्यावरच चारा घाला. मूठ लहान ठेवा. एकदम मोठी मूठ कोंबली की चारा अडकतो आणि मग हात आत जातो.
- चाकाच्या समोर नव्हे, तर ट्रेच्या बाजूला थोडे सरकून उभे राहा.
- रोलरने चारा धरला की लगेच सोडा. चारा घट्ट पकडून ठेवू नका.
- आखूड तुकडे आणि शेवटची मूठ हाताने ढकलू नका. पुढची पेंढी मागे लावा, ती आधीचा चारा पुढे नेते. सगळ्यात शेवटी लाकडी फळी किंवा दांडा वापरा. हा दांडा यंत्राला दोरीने बांधून ठेवा, म्हणजे शोधावा लागत नाही. लोखंडी गज वापरू नका.
- बाहेर पडणारी कुट्टी हाताने ओढू नका. यंत्र थांबवून घमेल्यात भरा किंवा लांब दांड्याच्या दाताळ्याने ओढा.
- शक्यतो दोघांनी काम करा. एकाने चारा घालावा, दुसऱ्याने पेंढ्या द्याव्यात. दुसऱ्यालाही लाल बटण कुठे आहे ते माहीत असावे.
- बोलणे, फोन आणि तंबाखू मळणे यंत्र बंद करून.
- कोरड्या कडब्याची धूळ नाकात आणि डोळ्यांत जाते. चष्मा लावा आणि तोंडाला रुमाल बांधा. रुमालाची टोके मागे खोचून घ्या.

काम संपल्यावर मुख्य स्विच बंद करा, प्लग असेल तर तोही काढा आणि चाकाला खीळ घाला. बंद यंत्राचे चाक फिरवून खेळतानाही मुले जखमी होतात. खीळ नसेल तर चाकाच्या आऱ्यांतून साखळी घालून कुलूप लावा.

चारा अडकला तर

प्रथम गिअरचा दांडा मागे टाका. बहुतेक वेळा चारा परत येतो. आला नाही तर हा क्रम पाळा:

१. लाल बटण दाबा.
२. मुख्य स्विच बंद करा किंवा प्लग काढून स्वतःजवळ ठेवा.
३. चाक पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहा. जड चाक वीज बंद झाल्यावरही बराच वेळ फिरत राहते.
४. चाकात खीळ किंवा लाकडी पाचर घाला.
५. मगच चारा मोकळा करा. तोही शक्यतो लाकडी दांड्याने.

काही मोटारी तापल्यावर आपोआप बंद पडतात आणि थंड झाल्या की आतले संरक्षण पुन्हा जोडले जाते. म्हणून मोटार स्वतःहून बंद पडली असेल, तरीही पहिल्या दोन पायऱ्या टाळू नका.

पात्यांची निगा

बोथट पाते चारा कापत नाही, चिरडते. मोटारीवर ताण येतो, चारा वारंवार अडकतो आणि हात आत घालायची वेळ वाढते. म्हणून धार लावणे हासुद्धा सुरक्षिततेचाच भाग आहे. मुख्य स्विच बंद करून आणि चाक अडकवूनच पाते काढा. पाते कापडात गुंडाळून न्या. दोन्ही पात्यांना सारखी धार लावा, एकाचे वजन कमी झाले की चाक थरथरते. पाते बसवताना कंपनीने दिलेल्याच जातीचे बोल्ट वापरा. बाजारातला साधा बोल्ट तुटला, तर वेगात फिरणारे पाते झाकण फोडून बाहेर येऊ शकते. तडा गेलेले पाते वेल्डिंग करून वापरू नका.

सिंगल फेज मोटारीच्या कपॅसिटरमध्ये वीज बंद केल्यावरही काही वेळ करंट साठून राहतो. त्याच्या टोकांना हात लावू नका.

अपघात झालाच तर

- हात रोलरमध्ये अडकला असेल तर ओढू नका. मुख्य स्विच बंद करा, चाक अडकवा, वरच्या रोलरच्या स्प्रिंगचे बोल्ट सैल करून रोलर उचला आणि हात मोकळा करा.
- रक्त येत असलेल्या जागी स्वच्छ कापड दाबून धरा आणि हात छातीच्या वर ठेवा. हळद, चुना, माती, डिझेल लावू नका.
- बोट तुटले असेल तर ते स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला. पिशवीचे तोंड बांधून ती बर्फात ठेवा. बोट थेट बर्फावर किंवा पाण्यात ठेवू नका. १०८ वर फोन करा आणि बोट जोडण्याची सोय कोणत्या रुग्णालयात आहे ते विचारा.
- शॉक लागलेल्या माणसाला उघड्या हाताने धरू नका. आधी मुख्य स्विच बंद करा. तो सापडत नसेल तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडाने त्याला बाजूला करा.

महाराष्ट्रात गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत अपघाती मृत्यू किंवा दोन अवयव निकामी झाल्यास २ लाख रुपये, तर एक अवयव किंवा एक डोळा निकामी झाल्यास १ लाख रुपये साहाय्य दिले जाते. आपल्या प्रकरणात ते लागू होते का, हे तालुका कृषी अधिकारी कार्यालयात ३० दिवसांच्या आत विचारून अर्ज करा.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

चारा प्रक्रियेचे प्रात्यक्षिक घेताना कुट्टीची लांबी आणि मुरघास यावर बोलणे होते, पण यंत्र चालवणारी व्यक्ती बरेचदा त्या बैठकीत नसते. प्रात्यक्षिक शक्य तर गोठ्यातच, घरातल्या बायकांना सोबत घेऊन करा. बोलण्यापेक्षा दोन गोष्टी करून दाखवा. यंत्र चालू असताना मेन बंद करून पुन्हा सुरू करा आणि मोटार आपोआप फिरते का, ते सगळ्यांना पाहू द्या. मग वीज बंद केल्यावर चाक किती सेकंद फिरत राहते, ते मोजून सांगा. ज्या घरी मोटार आपोआप फिरली, तिथे स्टार्टर बदलल्याशिवाय पुढचा विषय घेऊ नका.

शेतकऱ्यांनीही हीच तपासणी आज संध्याकाळी आपल्या कुट्टीवर करावी. ट्रेमध्ये चारा नको, आजूबाजूला कोणी नको. सोबत मापपट्टी घेऊन, रोलरपासून ट्रेच्या तोंडापर्यंत किती अंतर आहे, तेही मोजून घ्यावे.